कलकत्त्याचे तरुण साहेब आणि शहराची महागाई

बाहेरून आलेला, वयाने तरुण आणि पैशाने सधन असा एखादा वर्ग शहरात स्थिरावू लागला, की तेथील मूळ रहिवाशांच्या जीवनमानावर त्याचा काय परिणाम होतो, हा प्रश्न अलीकडे पुन्हा चर्चेत आला आहे. लिस्बनमध्ये घरभाड्यांवरून मोर्चे निघाले. मेक्सिको सिटीत जुलै २०२५ मध्ये याच कारणावरून निदर्शने होऊन काचा फुटल्या. दोन्हीकडे रोष आहे तो परदेशी पगारावर जगणाऱ्या आणि स्थानिकांच्या गल्लीत राहणाऱ्या तरुणांवर. वृत्तपत्रे या प्रश्नाला संगणकयुगाचे अपत्य मानतात. आपल्या देशाच्या प्रशासकीय इतिहासात मात्र तो अडीचशे वर्षांपूर्वीच उभा राहिला होता आणि तत्कालीन प्रशासनाने त्याला दिलेली उत्तरेही आज अभ्यासण्याजोगी आहेत. प्रस्तुत लेखात अठराव्या शतकातील कलकत्त्याचा या दृष्टीने विचार करावयाचा आहे.

कलकत्त्याशी मराठी माणसाचा पहिला परिचय फारसा सुखद नाही, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षे नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर स्वाऱ्या करीत होत्या. 'बर्गी आले' या भीतीने पश्चिम बंगालमधील अनेक कुटुंबे इंग्रजांच्या आश्रयास कलकत्त्यात आली. मराठ्यांना अडविण्यासाठी शहराभोवती जो खंदक खणण्यास घेतला, तो 'मराठा डिच' या नावाने इतिहासात राहिला. मराठे खंदकापर्यंत आले नाहीत, खंदकही पूर्ण झाला नाही आणि १७९९ साली त्याचा बराच भाग बुजवून तेथे सर्क्युलर रोड करण्यात आला. परंतु शहराची वस्ती त्या काळात वाढली ती वाढलीच. जागेवरचा ताण साहेबांच्या श्रीमंतीपूर्वीच सुरू झाला होता, आणि त्याला आपण मराठे काही अंशी कारण होतो, ही नोंद प्रामाणिकपणे करावयास हवी.

आता या तरुण साहेबांकडे वळू. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील सर्वांत खालची पायरी म्हणजे 'रायटर', अर्थात लेखनिक. रॉबर्ट क्लाइव्ह १७४४ साली मद्रासला उतरला तेव्हा अठरा वर्षांचा होता. वॉरन हेस्टिंग्ज १७५० साली कलकत्त्यास आला तो सतराव्या वर्षी. रायटरचा मूळ पगार वर्षाला अवघा पाच पौंड, म्हणजे त्या वेळचे चाळीस-पन्नास रुपये. एवढ्या पगारावर एकही इंग्रज तरुण सहा महिन्यांचा समुद्रप्रवास करून येणार नाही, हे कंपनीलाही ठाऊक होते. खरे आमिष खासगी व्यापाराचे होते. १७१७ साली बादशहा फर्रुखसियरने कंपनीच्या आयात-निर्यात मालाला जकातमाफी दिली होती. कंपनीचे नोकर तिचा आधार घेऊन स्वतःचा अंतर्गत व्यापारही दस्तकाखाली विनाजकात करू लागले.

१७५७ च्या पलाशीनंतर या कमाईला मर्यादाच राहिली नाही. मीर जाफरने तहान्वये कंपनीला एक कोटी रुपये आणि कलकत्त्यातील इंग्रज रहिवाशांना नुकसानभरपाई म्हणून पन्नास लाख रुपये देण्याचे कबूल केले. त्याच शहरातील हिंदू, मुसलमान व अन्य देशी रहिवाशांच्या वाट्याला वीस लाख आणि आर्मेनियनांच्या वाट्याला सात लाख आले. इंग्रज मूठभर आणि देशी रहिवासी त्यांच्या कित्येक पट, हे ध्यानात घेतले म्हणजे या वाटपाचा अर्थ कळतो. १७५७ ते १७६५ या काळात कंपनीच्या माणसांनी नबाबांकडून उकळलेल्या नजराण्यांचा हिशेब पुढे ब्रिटिश संसदेच्या समितीने मांडला, तो वीस लाख पौंडांच्या वर गेला. एवढा पैसा काही वर्षांत एका लहानशा शहरातील काही तरुणांच्या हाती आला, तर बाजारात काय घडेल?

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे रिचर्ड कँटिलॉनची आठवण होते. पलाशीच्या दोनच वर्षे आधी, १७५५ साली, त्याचा अर्थशास्त्रावरील निबंध मरणोत्तर प्रसिद्ध झाला. नवा पैसा अर्थव्यवस्थेत येतो तेव्हा तो सर्वांना सारखा मिळत नाही, सर्व वस्तूंच्या किमतीही एकाच वेळी वाढत नाहीत, असे त्याचे प्रतिपादन होते. तो ज्यांच्या हाती प्रथम पडतो ते जुन्या भावाने खरेदी करतात, आणि ज्यांच्यापर्यंत तो शेवटी पोहोचतो, किंवा पोहोचतच नाही, त्यांना नव्या भावाने खरेदी करावी लागते. पैशाचा ओघ कोणत्या वाटेने जातो, यावर कोण तरणार आणि कोण बुडणार हे ठरते.

कलकत्त्यात ही वाट कशी होती, याचा उत्तम पुरावा एका गृहिणीच्या पत्रांत सापडतो. एलायझा फे ही वकिलाची पत्नी १७८० साली कलकत्त्यात संसार करीत होती. तिची पत्रे १८१७ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाली. तिने आपल्या बहिणीसाठी नोंदविलेले भाव असे आहेत : सबंध मेंढा दोन रुपये, कोकरू एक रुपया, सहा चांगल्या कोंबड्या एक रुपया, बारा पौंड पाव एक रुपया. विलायती चीज मात्र पौंडाला तीन-चार रुपयांपर्यंत चढले होते. आणि घरभाडे? महिना दोनशे रुपये. तेही वस्ती फारशी प्रतिष्ठित नाही म्हणून. चांगल्या भागात तीनशे-चारशे मोजावे लागले असते.

या यादीतच सगळे अर्थशास्त्र आहे. ज्या वस्तू आसपासच्या शंभर गावांतून नावेने आणता येतात, त्या साहेबांच्या खरेदीने फारशा महाग झाल्या नाहीत, कारण मागणी वाढली की पुरवठाही वाढत असे. जी जागा कोठूनही आणता येत नाही, तिचे भाडे मात्र आभाळाला भिडले. एका महिन्याच्या भाड्यात शंभर मेंढे यावेत, हे प्रमाण कोणत्याही काळात विलक्षण म्हटले पाहिजे. तात्पर्य, सधन पाहुण्यांमुळे 'महागाई वाढते' हे विधान ढोबळ आहे. जमीन, घर आणि मनुष्यबळ या हलविता न येणाऱ्या गोष्टी इतर वस्तूंच्या तुलनेत महाग होतात, हे अधिक अचूक विधान होय. त्यामुळे ज्याचे स्वतःचे घर आहे तो सुखावतो आणि जो भाड्याने राहतो तो भरडला जातो. एकाच गल्लीतील दोन शेजाऱ्यांना एकाच घटनेचे फळ परस्परविरोधी मिळते.

मनुष्यबळाची गोष्ट आणखी बोधप्रद आहे. साहेबाच्या घरी खानसामा, खिदमतगार, आबदार, हुक्काबरदार, मशालजी, सईस, पालखीचे भोई, धोबी, न्हावी असा लवाजमा असे. विल्यम हिकी नावाच्या अविवाहित वकिलाने आपल्या पदरी साठाहून अधिक नोकर होते असे लिहून ठेवले आहे. मागणी अशी वाढली म्हणजे मजुरी वाढणार, हे उघडच होते. नोकरांना चार पैसे अधिक मिळू लागताच १७५९ साली कलकत्त्यातील कंपनीच्या अधिकाऱ्यांनी नोकरांच्या वेतनाचे दरपत्रकच ठरवून टाकले. खानसामा, मुख्य आचारी यांना महिना पाच रुपये, इतरांना उतरत्या क्रमाने तीन-दोन रुपये. जास्त मागणाऱ्या नोकराला शिक्षेची तरतूद होती.

हे दरपत्रक टिकले नाही. पुढील पाव शतकात नोकरांचे प्रत्यक्ष दर त्याच्या बरेच वर गेले, कारण जे साहेब सभेत दर ठरवीत, तेच घरी गेल्यावर चांगला खानसामा शेजाऱ्याकडून फोडण्यासाठी जास्त देत. परंतु त्यामागील वृत्ती लक्षात घेण्यासारखी आहे. घरभाडे वाढले तेव्हा कंपनीच्या कौन्सिलला भाड्याचे दरपत्रक सुचले नाही, कारण घरमालकांत स्वतः साहेब होते आणि त्यांच्याशी व्यवहार असलेले देशी धनिकही होते. मजुरी वाढली तेव्हा मात्र दरपत्रक तत्काळ सुचले. बाहेरच्या पैशाचा जो अल्पसा लाभ गरिबापर्यंत झिरपत होता, नेमका तोच शासनाला 'महागाई' वाटला. प्रशासनात आयुष्य घालविलेल्या माणसाला हे वाचून आश्चर्य वाटत नाही, खेद वाटतो.

लाभ झालेल्यांची यादी लहान नव्हती. साहेबांच्या व्यापाराला भांडवल पुरविणारे आणि त्यांचे व्यवहार सांभाळणारे 'बेनियन' गबर झाले. क्लाइव्हचे मुनशी नवकृष्ण देव यांनी शोभाबाजारात आपले वैभव उभे केले. हेस्टिंग्जचे बेनियन कांतबाबू मोठ्या जमीनदारीचे धनी झाले. पलाशीनंतर नव्या फोर्ट विल्यमसाठी गोविंदपूर हे गावच उठविण्यात आले. तेथील सधन कुटुंबांना उत्तरेकडे जागा मिळाल्या. ठाकूर, म्हणजेच टागोर, घराणे पाथुरियाघाट्यास गेले ते याच वेळी. ज्यांच्याजवळ ना पैसा होता ना ओळख, त्यांच्या झोपड्या कोठे गेल्या याची नोंद कोणी सविस्तर ठेवलेली नाही. किल्ल्याभोवतीचे मैदान मोकळे झाले, चौरंगीकडे साहेबांचे बंगले उठले आणि देशी वस्ती उत्तरेस दाटत गेली.

परंतु हानीची खरी मोजदाद शहराच्या वेशीत होत नाही. आजच्या आणि त्या वेळच्या परिस्थितीतील निर्णायक फरक येथे आहे. लिस्बनला जाणारा परदेशी तरुण आपला पगार बाहेरून आणतो. तो भाडे वाढवीत असेल, पण देशात येणारा पैसा नवा असतो. कलकत्त्यातील साहेब जो पैसा उधळीत होता तो इंग्लंडहून आलेला नव्हता. तो बंगालचाच होता. १७६५ साली दिवाणी मिळाल्यावर तर कंपनी शेतसाऱ्याच्याच पैशातून निर्यातीचा माल विकत घेऊ लागली आणि इंग्लंडहून पूर्वी येणारी चांदी जवळजवळ थांबली. पाहुणा यजमानाच्याच कोठारातील धान्य विकून यजमानाच्याच ओसरीचे भाडे वाढवीत होता, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

याची दुसरी बाजू मुर्शिदाबादेत दिसते. नबाबाच्या खर्चासाठी १७६५ साली सुमारे ५४ लाख रुपये ठरले होते. १७७२ पर्यंत ती रक्कम १६ लाखांवर आली. त्याच वर्षी महसुलाचे खालसा कार्यालयही मुर्शिदाबादहून कलकत्त्यास हलले. दरबार, फौज, कारकून, कारागीर, गवई अशा सर्वांची मागणी तेथे आटली. एका शहरातील भाडेवाढ ही दुसऱ्या शहरातील बेकारीची छाया होती. विणकरांची गत याहून वाईट झाली. कंपनीचे गुमास्ते मालाचा भाव एकतर्फी ठरवीत. ज्याचे उत्पन्न वरून दाबले गेले आहे, त्याला चढ्या बाजारात उभे राहावे लागले.

१७६९-७० च्या दुष्काळात ही विषमता उघडी पडली. बंगालची एक तृतीयांश लोकसंख्या मेली असा हेस्टिंग्जचा १७७२ मधील अंदाज होता. दुष्काळ पावसाने पाडला, साहेबांच्या मेजवान्यांनी नव्हे, हे खरे. परंतु तांदळाच्या व्यापारातील कंपनीच्या नोकरांच्या हस्तक्षेपाने टंचाईचे रूपांतर दुष्काळात होण्यास हातभार लावला, असे मत ॲडम स्मिथने १७७६ साली आपल्या ग्रंथात नमूद केले आहे. खरेदीची ताकद आणि कायद्याची ताकद एकाच तरुणाच्या हाती असली, म्हणजे तो बाजारातील केवळ एक श्रीमंत ग्राहक राहत नाही. तो बाजाराचे नियमच बदलतो.

प्रशासनाने यावर काय केले? उपाय तीन प्रकारचे दिसतात. पहिला, मनाईचा. १७७३ च्या रेग्युलेटिंग ॲक्टने नजराणे घेण्यास बंदी घातली आणि महसूल व न्याय यांचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना व्यापारापासून दूर ठेवण्याचा प्रयत्न केला. कायदा लंडनमध्ये झाला, व्यवहार कलकत्त्यात चालू राहिला.

दुसरा उपाय घरे बांधण्याचा. १७७७ च्या सुमारास टॉमस लायन याने कनिष्ठ नोकरांसाठी राहण्याच्या एकोणीस जागांची लांबलचक इमारत उभारण्यास घेतली. तीच पुढे रायटर्स बिल्डिंग म्हणून प्रसिद्ध झाली आणि २०१३ पर्यंत पश्चिम बंगाल शासनाचे मुख्यालय होती. कल्पना योग्य होती. पाहुण्यांची सोय वेगळी केली तर शहराच्या घरबाजारावरील ताण हलका होतो. परंतु लायनच्या मागे खरा धनी कौन्सिलचा सदस्य रिचर्ड बारवेल होता आणि कंपनी त्या जागा भाड्याने घेत होती. म्हणजे भाड्याची झळ कमी करण्याचा उपायही धोरण ठरविणाऱ्याच्या खिशात भाडे घालूनच अमलात आला.

तिसरा उपाय कॉर्नवॉलिसचा. अपुऱ्या पगारात भ्रष्टाचाराचे मूळ आहे हे ओळखून त्याने कलेक्टरला दरमहा १५०० रुपये आणि शिवाय वसुलीवर दलाली ठरवून दिली. नोकरशाही पुष्कळ स्वच्छ झाली, याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. आपल्या आजच्या सनदी सेवेचा वंश येथून सांगता येतो. परंतु साहेबाची श्रीमंती कमी झाली नाही, तिचा मार्ग तेवढा बदलला. पूर्वी ती नजराण्यातून आणि व्यापारातून येत असे, आता ती राजरोस शेतसाऱ्यातून येऊ लागली. तरुणांची उधळपट्टीही थांबली नाही. बेनियनांच्या कर्जात बुडणाऱ्या या मुलांना वळण लागावे, हा १८०० साली वेलस्लीने काढलेल्या फोर्ट विल्यम कॉलेजचा एक हेतू होता. त्या कॉलेजात मराठीही शिकविली जाई. विल्यम कॅरेचे मराठी व्याकरण १८०५ साली श्रीरामपुरास छापले गेले आणि वैजनाथ पंडितांसारखा मराठी विद्वान तेथे काम करीत होता. मराठी गद्याच्या छपाईचा एक आरंभ कलकत्त्याच्या या तरुण साहेबांच्या शिक्षणासाठी व्हावा, हा इतिहासाचा चमत्कारिक न्याय आहे.

या इतिहासातून आज काय घ्यावे? पहिली गोष्ट, पाहुण्याच्या चारित्र्याची चर्चा निष्फळ असते. एलायझा फे दुष्ट नव्हती. तिला परवडणारे घर हवे होते, एवढेच. प्रश्न विचारायचे ते तीन : पैसा कोठून येतो, तो प्रथम कोणाच्या हाती पडतो, आणि नियम कोण ठरवितो. दुसरी गोष्ट, अशा पाहुण्यांना बोलाविते ते बहुधा शासनच. पोर्तुगालने २००९ साली परदेशी नागरिकांना करसवलती दिल्या, २०१२ साली मालमत्ता खरेदीवर निवासपरवाना देऊ केला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी वेगळा परवाना काढला. त्यासाठी उत्पन्नाची अट होती किमान वेतनाच्या चौपट. त्या वर्षी तेथील किमान वेतन ७०५ युरो होते, म्हणजे पाहुण्याकडून २८२० युरोंची अपेक्षा होती. स्थानिक कामगाराच्या चौपट मिळविणाऱ्यांनाच निवडून घ्यायचे आणि मग भाडी वाढली म्हणून विस्मय व्यक्त करायचा, हे तर्काला धरून नाही. २०२३ मध्ये मालमत्ता खरेदीवरील परवाने बंद करावे लागले, आणि तोवर बरेच घडून गेले होते.

तिसरी गोष्ट आपणा वाचकांच्या अधिक जवळची आहे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसांपैकी अनेकजण बंगळूर, हैदराबाद, गुरुग्राम येथे किंवा त्याहून दूर चांगल्या पगारावर राहतात. त्या त्या गावच्या भाडेकरूंच्या दृष्टीने आपण कोणत्या बाजूला आहोत, हे वेगळे सांगावयास नको. आम्हा केंद्रीय कर्मचाऱ्यांचा घरभाडे भत्ता तर शहराच्या वर्गवारीनुसार मूळ वेतनाच्या टक्क्यांत ठरतो आणि महागाई भत्ता पन्नास टक्क्यांवर गेल्यावर मोठ्या शहरांत तो तीस टक्के झाला. भत्ता वाढल्याची वार्ता घरमालकाला आमच्याइतकीच लवकर कळते. ज्या रिक्षावाल्याला किंवा शिवणकाम करणाऱ्या बाईला असा भत्ता नाही, ती त्याच गल्लीत त्याच दराशी झुंजत असते. यात व्यक्तीचा दोष नाही, पण धोरणाचा आहे. पाहुण्यांना भत्ता देऊन भागत नाही. शहराला घरे द्यावी लागतात, आणि भाड्यातून व जमिनीच्या वाढत्या किमतीतून मिळालेल्या आयत्या लाभाचा काही हिस्सा कररूपाने घेऊन तो त्याच गावच्या वस्तीसाठी खर्च करावा लागतो.

कंपनीच्या कौन्सिलने १७५९ साली खानसाम्याचा पगार बांधून दिला आणि बंगल्याचे भाडे मोकळे सोडले. कोणत्याही शहराच्या प्रशासनाची परीक्षा घ्यावयाची झाल्यास ही एक नोंद पुरेशी आहे. आपल्या शहरात सध्या काय बांधलेले आहे आणि काय मोकळे सोडलेले आहे, याचा शोध प्रत्येकाने आपापल्या गावी घ्यावा.